‘नीट’साठी सजीवांच्या वर्गीकरणाचा अभ्यास कसा करावा

‘नीट’च्या 180 प्रश्नांपैकी 90 प्रश्न जीवशास्त्राचे असतात. त्यातील वर्गीकरणाचा भाग बहुतेक विद्यार्थी नावांची यादी समजून पाठ करतात आणि जोड्या लावायच्या प्रश्नात नेमके तिथेच अडखळतात. नावे शेवटी घ्यावीत, आधी निकष पक्के करावेत.

शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी 1969 मध्ये पाच सृष्टींची (सजीवांच्या सर्वात मोठ्या गटांची) पद्धत मांडताना पेशीरचना, शरीररचना, पोषणपद्धती, प्रजनन आणि उत्क्रांतीतील नातेसंबंध हे निकष धरले. या निकषांचा तक्ता छापील न वापरता स्वतःच्या हाताने करावा आणि लिनियसच्या द्विसृष्टी (वनस्पती आणि प्राणी) पद्धतीतून कोणता सजीव कुठे हलला, हे त्याखाली कारणासह लिहावे. उदाहरणार्थ, क्लोरेला पूर्वी वनस्पतींत आणि अमिबा प्राण्यांत गणला जाई. दोघेही एकपेशीय आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले) असल्यामुळे प्रोटिस्टा सृष्टीत एकत्र आले.

सर्वाधिक वेळ कवकांना (बुरशींना) द्यावा, कारण त्यांच्या चारही वर्गांची लक्षणे एकमेकांत सहज मिसळतात. फायकोमायसिटीसच्या कवकतंतूंत आडव्या भित्ती नसतात, ॲस्कोमायसिटीसमध्ये त्या असतात. ही पहिली विभागणी. त्यानंतर लैंगिक बीजाणू पाहावेत: ॲस्कोमायसिटीसमध्ये ते ॲस्कस या पिशवीसारख्या भागाच्या आत तयार होतात, तर बेसिडिओमायसिटीसमध्ये बेसिडियम या गदेसारख्या भागाच्या बाहेरच्या बाजूला. ज्यांची लैंगिक अवस्था ठाऊक नाही, ती कवके ड्युटेरोमायसिटीसमध्ये ठेवलेली आहेत, म्हणजे हा वर्ग खरे तर आपल्या अज्ञानावर उभा आहे. एवढे समजल्यावरच न्यूरोस्पोरा, पक्सिनिया, अल्टरनेरिया ही नावे त्या त्या चौकटीत भरावीत.

अपवादांसाठी वहीचे वेगळे पान ठेवावे, कारण प्रश्न बहुधा तिथूनच निघतात. यीस्ट एकपेशीय असूनही कवक आहे. मायकोप्लाझ्मा हा जीवाणू मोनेरा या जीवाणूंच्या सृष्टीत असूनही त्याला पेशीभित्तिका नाही. विषाणूंना पेशीच नसल्यामुळे या पाच सृष्टींत स्थान नाही. त्यांच्या शोधाबाबत शास्त्रज्ञ आणि वर्षे यांचा इव्हानोव्स्की 1892, बायरिंक 1898 आणि स्टॅन्ली 1935 एवढा क्रम लक्षात ठेवणे पुरते.

उजळणी करताना एनसीईआरटीचे पुस्तक मिटून एखादे नाव कागदावर लिहावे आणि त्याचे स्थान व त्यामागचे कारण सांगून पाहावे. स्थान बरोबर आले, पण कारण सांगता आले नाही, तर ते उत्तर चूक धरावे आणि दुसऱ्या दिवशी तेच नाव पुन्हा घ्यावे.