आधी छेद बघा: गरोदरपणावरचं संशोधन कसं वाचावं

माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात होती तेव्हा मी तिला फोन करून सांगितलं, "अगं, तू घेतेस ना त्या गोळीनं धोका दुप्पट होतो असं छापून आलंय." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, दुप्पट म्हणजे किती?" मला सांगता येईना. वैद्यकीय ग्रंथालयात नोकरी, दिवसभर लोकांना हेच संशोधनाचे पेपर काढून द्यायचे, आणि स्वतः मात्र अ‍ॅबस्ट्रॅक्टची म्हणजे पेपरवरच्या सारांशाची शेवटची ओळ वाचून फोन फिरवला होता. रात्री बसून अख्खा पेपर वाचला. दहा हजारांत दोनाचे चार, एवढीच ती दुप्पट. तोवर बहिणीनं घाबरून गोळी बंद केली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांनी ती परत सुरू केली आणि निरोप दिला, "ताईंना म्हणावं, अंशावर जाऊ नका, छेद बघा."

शाळेत रेषेखाली लिहायचो तोच छेद: किती जणींपैकी, तो आकडा. काउंटरवर कुणी "या डॉक्टरांनी गरोदरपणावर लिहिलेलं सगळं हवंय" म्हणत आलं की मी यादी काढून देते, आणि ती वाचायची कशी हेही सांगते. तेच इथे लिहिते आहे.

आधी यादी निवडून घ्या. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत नुसतं आडनाव आणि आद्याक्षरं टाकली तर त्याच नावाचे हाडांचे, दातांचे, डोळ्यांचे डॉक्टर एका रांगेत उभे राहतात. नावाला विषयाचा एखादा शब्द जोडा, संस्था जुळते का बघा. संशोधक बाई असेल तर आणखी एक गोची असते: लग्नाआधीचे पेपर एका आडनावावर, नंतरचे दुसऱ्यावर. ऑर्किड हा संशोधकाचा स्वतःचा सोळा आकडी क्रमांक सापडला तर हा घोळ मिटतो. नावांच्या क्रमाचं म्हणाल तर पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष राबणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं. मधल्या तिसाव्या नावावरून त्या माणसाचं काम जोखू नका.

यादी झाली की पेपर मोजत बसू नका, अभ्यास मोजा. दीडशे पेपर म्हणजे दीडशे अभ्यास नव्हेत. पायाळू बाळांवरची 'टर्म ब्रीच ट्रायल' घ्या. ट्रायल म्हणजे उपचारांची माणसांवर घेतलेली चाचणी. २६ देशांतल्या १२१ केंद्रांमधल्या २०८८ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलेल्या. एका गटात ठरवून सिझेरियन, दुसऱ्यात ठरवून नैसर्गिक प्रसूती. मुख्य पेपर २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळ दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं याचं प्रमाण सिझेरियनच्या गटात १.६ टक्के, दुसऱ्यात ५ टक्के. पायाळू म्हटलं की सिझेरियन, हे त्यानंतर फार ठिकाणी ठरूनच गेलं. मग २००४ साली याच ट्रायलमधल्या, निवडक केंद्रांतल्या ९२३ मुलांची दोन वर्षांची झाल्यावर केलेली पाहणी छापून आली. मृत्यू किंवा वाढीत मागे पडणं: सिझेरियनच्या गटात ३.१ टक्के, दुसऱ्यात २.८. म्हणजे फरक उरलाच नव्हता. म्हणून पहिला पेपर खोटा ठरत नाही, त्यानं विचारलेला प्रश्न वेगळा होता. पण यादीत या दोन सुट्या ओळी दिसतात, आणि दोन्हीकडे मुलं त्याच ट्रायलमधली. मी अशा ओळी एकाच रंगाच्या पेन्सिलनं खुणावते. रंगीबेरंगी यादी चटकन आटोपशीर होते.

याच ट्रायलमध्ये एक गोष्ट नवख्याला चूक वाटते. 'नैसर्गिक' गटातल्या जवळजवळ ४३ टक्के बायकांचं शेवटी सिझेरियनच झालं, तरी त्या मोजल्या गेल्या 'नैसर्गिक' गटातच. हे बरोबर आहे. कळा सुरू झाल्यावर अडचण आली म्हणून ज्यांना ऑपरेशनला नेलं, त्यांना उचलून दुसऱ्या रकान्यात टाकलं असतं, तर 'नैसर्गिक'चा रकाना उगाच स्वच्छ दिसला असता. चिठ्ठीत जो गट निघाला त्याच गटात मोजणी. असं केलं नसेल तर पेपर बाजूला ठेवा म्हणत नाही, पण कपाळाला आठी पडू द्या.

आता प्रत्यक्ष वाचन. अ‍ॅबस्ट्रॅक्ट शेवटी वाचा. (मी कुणाला सांगते आहे, नाही का!) आधी चौकोन आणि बाणांची आकृती शोधा: किती जणींना विचारलं, किती आल्या, किती गळाल्या आणि का. मग पहिला तक्ता: या बायका कोण, वय किती, पहिलटकरीण किती. इथे छेद सापडतो.

छेद पाहिल्यावर काय बदलतं ते दोन आकड्यांत दाखवते. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून अवयवांवर ताण येतो तो आजार. त्यात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. त्यावरची 'मॅगपाय' ट्रायल २००२ सालची, ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांची. झटक्यांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला, असं ती सांगते. तेच वाक्य छेदासकट लिहा: औषधाविना हजारात १९ जणींना झटके आले, औषधानं ८ जणींना. हजारामागे ११ जणी वाचल्या. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण निर्णय दुसऱ्यावरून घेता येतो. आणि त्याच तक्त्याच्या शेजारी बघा: अंग गरम होणं, लाली येणं असा त्रास औषधाच्या गटात २४ टक्के जणींना, दुसऱ्यात ५ टक्के. फायदा हजारात आणि त्रास शेकड्यात लिहिलेला असेल तर दोन्ही एका मापात आणून घ्या. कागदाच्या मागच्या बाजूला दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं उदाहरण फॉलिक अ‍ॅसिडचं. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची ट्रायल छापून आली: १८१७ बायका, रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. बाळाच्या मेंदू-मणक्यातला दोष गोळी घेणाऱ्यांत ६ वेळा, न घेणाऱ्यांत २१ वेळा. फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल मुदतीआधी थांबवली. पण ६ आणि २१ यांच्या खाली १८१७ लिहाल तर चुकाल. निकाल कळलेली गर्भारपणं होती ११९५. थांबवलं तोवर बाकीच्यांचा निकाल हाती नव्हता. त्याहून मोठी गोष्ट अशी, की या सगळ्या बायकांचं आधीचं एक बाळ याच दोषाचं होतं. म्हणून तो ४ मिलिग्रॅमचा डोस अशाच बायकांसाठीचा. पहिल्यांदा दिवस राहिलेल्या मुलीनं हा पेपर वाचून तेवढी गोळी स्वतःहून सुरू करायची नसते, कारण ती त्या छेदात नाही.

गरोदरपणाच्या अभ्यासात छेद फसवण्याची एक खास तऱ्हा आहे, कारण इथे वेळ स्वतःच खेळ करते. "कमी वेळा तपासणीला गेलेल्या बायका लवकर बाळंत होतात" असा निष्कर्ष कुठेही सापडेल. समजा एक बाई ३२ व्या आठवड्यात बाळंत झाली, दुसरी चाळिसाव्या. तपासण्या शेवटच्या दोन महिन्यांतच दाट असतात. पहिलीच्या तपासण्या कमी भरणारच, तिला पुढच्या तारखा मिळाल्याच नाहीत. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे इथे उलटंसुलटं होतं. नऊ महिन्यांत वाढलेल्या वजनाचंही तसंच. असा पेपर आला की लेखकांनी आठवड्यागणिक तुलना केली आहे का ते शोधा, म्हणजे ३२ व्या आठवड्यातली बाई ३२ व्या आठवड्यातल्याच बाईशी. दुसरी तऱ्हा जास्त दुःखाची: अभ्यासात फक्त जिवंत जन्मलेली बाळं मोजतात. एखाद्या औषधानं गर्भपातच होत असेल तर ज्यांचं नुकसान झालं त्या बायका मोजणीत येतच नाहीत, आणि औषध निर्दोष दिसतं.

व्याख्यांवरून भरभर जाऊ. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे गर्भ राहिला त्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. ३७ आठवड्यांच्या आत ते अपुऱ्या दिवसांचं. मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांत त्याच्याशी संबंधित कारणानं झालेला मृत्यू, आणि त्याचं प्रमाण काढतात एक लाख जिवंत जन्मांमागे, बायकांमागे नव्हे. बघा, परत छेदच.

ट्रायल असेल तर ती कुठे नोंदवली होती ते पेपरमध्ये दिलेलं असतं. त्या नोंदीत जाऊन बघा, सुरुवातीला काय मोजायचं ठरलं होतं. २०१७ ची 'वुमन' ट्रायल: बाळंतपणानंतर जास्त रक्त जाऊ लागलं तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड द्यावं का, २०,०६० बायकांवर. आधी ठरलं होतं मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं, दोन्ही एकत्र मोजायचं. त्यात फरक पडला नाही. रक्तस्रावानं होणारे मृत्यू मात्र १.९ वरून १.५ टक्क्यांवर आले, आणि तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२ वर. मोजमाप बदललं म्हणजे लबाडीच, असं नाही. गर्भाशय काढायचा निर्णय बरेचदा बाई ट्रायलमध्ये घेतली जात असतानाच झालेला असे, त्यामुळे औषधाला तो टाळायची संधीच नसे. हे लेखकांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. बदल झाकलेला आढळला तर मात्र मी पेपर परत कपाटात ठेवते.

नावाचं वजन वाचनात येऊ देऊ नका. विल्यम मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञानं १९६१ साली 'लॅन्सेट'ला काही ओळींचं पत्र लिहून थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या आयांच्या बाळांमधले दोष जगापुढे आणले. चूक नव्हती त्यात. त्याच माणसानं पुढे गरोदर सशांवरच्या दुसऱ्या एका औषधाच्या प्रयोगातले आकडे फिरवले. १९८८ साली चौकशीत ते उघड झालं, १९९३ साली डॉक्टरांच्या यादीतून नाव गेलं. एकाच यादीतल्या दोन ओळी. म्हणून प्रत्येक पेपरच्या वर 'मागे घेतला' असा शिक्का किंवा शुद्धिपत्राचा दुवा आहे का, ते मी दर वेळी बघते. कितीही मोठं नाव असलं तरी.

पेपर पैशांच्या भिंतीमागे असेल तर ज्या लेखकापुढे ईमेल दिलेला असतो त्याला लिहा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात. गर्भारपणातल्या रक्तक्षयावरच्या एका पेपरसाठी मी एका लेखिकेला दोनच ओळी लिहिल्या होत्या: पेपर हवा आहे, आणि सारांशाबरोबर दिसणाऱ्या तक्त्यात दोन गटांची बेरीज एकूण संख्येशी जुळत नाही, माझं काही चुकतंय का? तिसऱ्या दिवशी पेपर आला. खाली लिहिलं होतं, "तुमचं नाही, आमचं चुकलं. संपादकांना कळवते आहे." काही आठवड्यांनी शुद्धिपत्र निघालं. १४ बायका दोन्ही रकान्यांत मोजल्या गेल्या होत्या.