आईबाबांच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा कसा भरावा

डबा कुठलाही आणा. सात दिवसांचा, दिवसाला चार कप्पे असलेला, म्हणजे 28 खणांचा असला की झालं. एकच गोष्ट दुकानात तपासा : झाकण उघडायला किती जोर लागतो. संधिवाताच्या बोटांना ते उघडलं नाही, तर तिसऱ्या दिवशी सगळी झाकणं कायमची उघडी राहतात आणि गोळ्या सोफ्याखाली सापडतात. झाकणांवरची इंग्रजी अक्षरं खरवडून काढा आणि चिकटपट्टीवर मराठीत लिहा. आमच्या डब्यावर ‘उपाशीपोटी’, ‘न्याहारी’, ‘दुपार’, ‘रात्र’ असं आहे. ‘सकाळ’ हा शब्द मी मुद्दाम टाळला. बाबांची सकाळ पाचला होते, आईची आठला.

डब्याचं एवढंच. लोक डब्यावर आणि मोबाइलच्या अलार्मवर तासभर बोलतात, कुठलं ॲप चांगलं ते सांगतात. खरं काम डब्याच्या आधीचं असतं : घरात नेमक्या कुठल्या गोळ्या आहेत आणि त्यातल्या कुठल्या चालू आहेत, हे शोधून काढणं. ते न करता डबा भरलात, तर जी चूक माणूस अधूनमधून करत होता ती तुम्ही दररोज, वेळेवर, न चुकता करवून घ्याल. हे मी करून बसले आहे.

आमच्याकडे आधी श्रीखंडाचा रिकामा डबा होता, एक किलोचा. त्यात सगळ्या स्ट्रिपा, दोन रबरबँड, एक जुनी चिठ्ठी आणि का कोण जाणे, शिलाई मशीनचं बॉबिन. बाबांना सगळं पाठ होतं. ‘पांढरी लांबट शुगरची, गुलाबी बीपीची, पिवळी छोटी गॅसची.’ मग ते चार दिवस दवाखान्यात राहून आले. डिस्चार्ज कार्डावर सात औषधं होती. मी हौसेने डबा आणला. कार्डावरच्या सात भरल्या आणि श्रीखंडाच्या डब्यातल्या ‘रोजच्या’ही भरल्या. नावं वेगळी होती, रंग वेगळे होते, मला शंकासुद्धा आली नाही.

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास बाबा पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होते. एक बटण चुकीच्या काजात, मग सगळी काढायची, परत चुकीच्या काजात. कॉलर घामाने भिजलेली, पंखा पाचवर. मी विचारलं, ‘बाबा, कुठे निघालात?’ तर चिडून म्हणाले, ‘ऑफिसला उशीर होतोय, दिसत नाही का?’ निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. ग्लुकोमीटरवर आकडा आला 48. तीन चमचे साखर पाण्यात घोळून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग पोळी-भाजी खायला घातली. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, घेऊन या, ही गोळी अंगात बराच वेळ राहते, साखर परत उतरू शकते. आणि संध्याकाळी ती खरंच परत उतरली. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र साखर, पाणी काहीही घालू नका, थेट दवाखाना.)

झालं होतं ते असं : घरची पांढरी लांबट आणि दवाखान्यातली नवी हिरवी, दोन्हींत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, म्हणजे शुगर उतरवणारी तीच जोडी. एकच औषध, दोन कंपन्या, दोन डॉक्टर. डब्यात ते दुप्पट भरणारी मी.

म्हणून आता आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची ही जुळवणी. पहिल्यांदा करताना दोन तास लागतात. रविवारी दुपारी बसा, टीव्ही बंद.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरा आणि घरातली प्रत्येक गोळी तिथे आणा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आईची पर्स, बाबांच्या शर्टाचा खिसा, देव्हाऱ्याखालचा खण, फ्रिजच्या दारातला कप्पा, उशीखालची ‘लागलीच तर’ गोळी. आयुर्वेदिक चूर्ण, शेजारणीने दिलेली गुडघेदुखीची गोळी, ताकदीच्या कॅप्सूल, सगळं. लपवाछपवी होणार हे धरून चाला. माझ्या आईने दुखण्याची एक स्ट्रिप तांदळाच्या डब्यात ठेवली होती, कारण डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती आणि तिला ती हवी होती.

आता शंभर पानी वही घ्या. प्रत्येक औषधाला एक ओळ, आणि ओळीच्या सुरुवातीला ब्रँडचं नाव लिहायचं नाही. आतलं औषध लिहायचं. ते स्ट्रिपच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. भिंग घ्या, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. जास्त खपाच्या 300 ब्रँडच्या वेष्टनांवर ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला तर मूळ नाव आणि मुदत वाचता येते. त्यापुढे मिलिग्रॅम, कशासाठी, कुठल्या डॉक्टरांनी दिली, कधीपासून, दिवसात केव्हा. ब्रँडचं नाव शेवटी कंसात.

एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन ओळी लिहायच्या. इथेच सगळे घसरतात. ब्रँडच्या नावापुढची शेपटी बघा. बीपीच्या गोळीला ‘एएम’ असेल तर बहुधा सोबत अ‍ॅम्लोडिपिन आहे, ‘एच’ असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. शुगरच्या गोळीचा ‘एम’ म्हणजे बहुधा मेटफॉर्मिन. बहुधा म्हणतेय, कारण हृदयाच्या गोळीत तोच ‘एम’ मेटोप्रोलॉलचाही असू शकतो. शेपटीने फक्त सावध व्हायचं, लिहायचं ते मागचं वाचूनच.

सगळं लिहून झालं की पेन्सिलने एकसारखी नावं जोडा. मेटफॉर्मिन दोन ठिकाणी सापडणं अगदी नेहमीचं. पॅरासिटामॉलही तसंच : तापाच्या गोळीत असतं, सर्दीच्या गोळीत असतं, दुखण्याच्या गोळीतही असतं. मग नावांचे शेवट बघा, कारण औषधांनाही आडनावं असतात. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ बीपीची, ‘ओलोल’ बीपी आणि हृदयाच्या ठोक्यांची, ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलची, ‘प्राझोल’ ॲसिडिटीची, ‘ग्लिप्टिन’ शुगरची. एकाच आडनावाच्या दोन गोळ्या, किंवा एक सार्टन आणि एक प्रिल, असं दिसलं की त्या ओळींवर लाल खूण. आमच्या वहीत पॅन्टोप्राझोल आणि रॅबेप्राझोल दोन्ही निघाली. हाडांच्या डॉक्टरांनी एक दिलेली, हृदयाच्या डॉक्टरांनी दुसरी, प्रत्येकाने आपल्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून. दुखण्याच्या गोळ्या खास बघा. डायक्लोफिनॅक आणि ॲसिक्लोफिनॅक एकाच वेळी चालू असतील, आणि माणसाची किडनी आधीच नाजूक असेल, तर डब्याची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

लाल खुणा झाल्या की तुमचं काम थांबलं. स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही. हे मी दरडावून सांगते, कारण वही पूर्ण झाली की अंगात डॉक्टर संचारतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर त्रास उलटा उसळतो. स्टेंट बसवलेल्या माणसाची रक्त पातळ करायची गोळी ‘बरं वाटतंय ना आता’ म्हणून थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ. वही घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि एकच प्रश्न विचारा : ‘यातल्या कुठल्या चालू ठेवायच्या आणि कुठल्या बंद?’ त्यांच्यासमोर वहीत फुल्या मारा. शिवाय एखादी वेळ चुकली तर कुठल्या गोळीचं काय करायचं, हेही तिथेच लिहून घ्या. राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही, हे तर आहेच.

ज्या बंद झाल्या त्या त्याच दिवशी घराबाहेर. आई म्हणेल, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ ऐकायचं नाही. स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारा, कचऱ्यात टाका.

रंगावरून गोळी ओळखायची नाही आणि घरात कोणाला ओळखू द्यायची नाही. तीच गोळी मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची दिली की पांढरीची निळी होते. जनऔषधी केंद्रातून आणलीत तर दिसायला अजूनच वेगळी. आतलं नाव आणि मिलिग्रॅम तेच असेल तर औषध तेच, एवढं वही सांगते. आणि मेडिकलवाल्याने कात्रीने कापून नाव नसलेला तुकडा हातात दिला, तर काउंटरवरच परत करा. नाव आणि मुदत दिसेल तोच तुकडा घ्यायचा.

डबा भरणं सोपं. एका वेळी एकच औषध घ्या आणि सातही दिवसांच्या खणांत टाका, मग दुसरं. सोमवारचा सगळा, मग मंगळवारचा सगळा असं केलंत की घोळ होणारच. मध्ये फोन आला, तर जे औषध हातात होतं ते सगळ्या खणांतून काढून परत पहिल्यापासून. शेवटी मोजणी : माझ्या चिठ्ठीवर ‘उपाशी 1, न्याहारी 4, दुपार 1, रात्र 3’ असं असतं, आणि ती मोजणी भरणाऱ्याने करायची नाही, दुसऱ्याने करायची.

काही गोळ्या डब्यात जातच नाहीत. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून ती घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. आमच्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा बरणीत पाझरतं, तिथे गोळीचं काय. तिच्या स्ट्रिपच्या मागे मार्करने सोम, मंगळ, बुध असं लिहून ती डब्याला रबरबँडने बांधते. स्ट्रिपचा एकेक तुकडा कापून खणात टाकायची शक्कल कोणी सांगेल, ती साफ नाकारा. नजर अधू असलेलं माणूस तो टोकदार तुकडा गोळीसकट गिळतं. थायरॉइडची गोळी तिच्या बाटलीतच ठेवा. ती उपाशीपोटी, नंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. आमची आई दोन्ही एकदमच घ्यायची, ‘एकाच घोटात काम’ म्हणून. जिच्या नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर आहे, म्हणजे जी पोटात हळूहळू विरघळते, ती गोळी तोडायची नाही, कुटायची नाही. घशाखाली उतरत नसेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

आठवड्यातून एकदाची गोळी हा वेगळा धोका. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची कॅप्सूल त्यातलीच, पण मला भीती वाटते ती संधिवातासाठी देतात त्या मेथोट्रेक्सेटची. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. ती स्ट्रिप घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवा, वार ठरवा, आणि त्या दिवशी हातात द्या.

आता बाबांचं. पहिल्या महिन्यात ते डब्याला हात लावेनात. ‘मला काय कुकुलं बाळ समजतेस?’ चूक माझी होती, वही करताना त्यांना टेबलावर बोलावलंच नव्हतं. दुसऱ्या महिन्यापासून डबा ते भरतात, मी मोजते. चष्मा नाकाच्या टोकावर, एकेक गोळी चिमटीत धरून मोठ्याने नाव वाचतात. ‘अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, दहा, रात्री.’ उच्चार चुकला की परत म्हणतात. वीस मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चालतं. मी घाई करत नाही, कारण गेल्या दिवाळीत नव्या स्ट्रिपवर दहाऐवजी वीस आहे हे त्यांनी पकडलं, मी मोजून ठीक म्हटल्यावर.

प्रवासाला जाताना डबा हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही, बॅग एसटीच्या डिकीत जाते. दोन दिवसांच्या जादा गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये बरोबर ठेवा आणि वहीच्या पानाचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. बाबांचा मोबाइलवर विश्वास नाही. ते पान त्यांनी स्वतः उतरवून घेतलंय, चार घड्या घालून पाकिटात, पासबुकाच्या फोटोकॉपीशेजारी. दर वेळी औषध बदललं की जुना कागद माझ्यासमोर फाडतात आणि नवा लिहायला बसतात.