इसार देण्याआधी सातबारा स्वतः काढा

जळगाव-धुळ्याकडे प्लॉट किंवा रो-हाऊस दाखवणारा एजंट हमखास म्हणतो, 'संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.' येऊ द्या. त्याने दिलेली सातबाऱ्याची झेरॉक्स बाजूला ठेवा आणि महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा. सिटी सर्व्हेतली जागा असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना सावकाश वाचा, बँकेचा बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, तिथेच दिसतो. मालक म्हणून भेटवलेला माणूस आणि उताऱ्यावरचं नाव जुळत नसेल, तर तिथूनच रामराम. बिल्डरच्या प्रकल्पात एजंटचा महारेरा (बांधकाम क्षेत्रावर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही मागा. तो 'ए' अक्षराने सुरू होतो. इसार चेकनेच, मालकाच्या नावे. एजंटच्या हातात रोख नको. त्याचा चहा प्यायला हरकत नाही.