सबागेसाठी पहिली एअरसॉफ्ट गन घेताना (टोकियोतल्या नवख्यांसाठी)

ऑफिसातल्या जपानी कलीगने एकदा शनिवारी टोकियोशेजारच्या चिबाला नेलं, दिवसभर झाडीत लपून प्लास्टिकच्या गोळ्या मारल्या, आणि रविवारी सकाळी उठता येत नव्हतं तरी फोनवर गनच्या किमती बघत बसलो होतो. तुमचंही असंच झालं असेल तर हे वाचा. निशी-कासाई, फुनाबोरीकडच्या आपल्या मराठी ग्रुपमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की "अरे कुठली घेऊ", म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हा खेळ काय ते. सर्व्हायव्हल गेमचं जपानी लघुरूप सबागे. एअरसॉफ्ट हा मुळात जपानचाच प्रकार. इथे सामान्य माणसाला खरं पिस्तूल मिळत नाही, मग लोकांनी हुबेहूब दिसणारी, ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी मारणारी खेळण्यातली बंदूक बनवली, आणि १९९१ साली तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी फामास रायफल काढली, तिथून इलेक्ट्रिक गनचा जमाना सुरू झाला. आजही नवख्याने डोळे झाकून कुठली कंपनी घ्यावी तर मारुईच, इथे सगळे तेच सांगतात आणि माझंही तेच मत आहे. पार्ट कुठेही मिळतात आणि बॉक्समधून काढली की लगेच चालते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कळायला सहा महिने आणि बरेच येन लागले. जपानात पैसे टाकून ताकद मिळत नाही. २००६ साली कायदा बदलला, तेव्हापासून ६ मिलिमीटरच्या गनची मर्यादा साधारण ०.९८ ज्यूल. म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला जेमतेम ९९ मीटरने सुटते, त्याच्या वर गेली की ती खेळणं राहत नाही, बाळगणंच गुन्हा. त्यामुळे २५ हजार येनची गन आणि ६० हजारांची गन, दोन्ही जवळपास सारख्याच जोरात मारतात! मग जास्तीचे पैसे जातात कुठे? वजनात, हाताला बसणाऱ्या धक्क्यात, गोळी सरळ जाण्यात, दिसण्यात. यातलं तुम्हाला नक्की काय हवंय हे आधी ठरवा, मग दुकानात जा.

आणि हो, पहिल्या दोन-तीन वेळा भाड्यानेच घ्या. फील्डवर साधारण ३ हजार येनमध्ये गन, मास्क, गोळ्या असा सेट मिळतो. एकटे असाल तरी चालतं, तेइरेइकाई म्हणतात त्या दिवशी कुणीही एकटंदुकटं येतं आणि हातावर लाल नाहीतर पिवळी पट्टी बांधून त्यांना टीममध्ये वाटून टाकतात. भाड्याने खेळल्यावरच कळतं तुम्ही पळणारे आहात की एका झाडामागे वीस मिनिटं बसणारे. मी स्वतःला स्नायपर समजत होतो, प्रत्यक्षात मला पाच मिनिटं गप्प बसवत नाही. स्नायपर घेतली असती तर कपाटात पडली असती.

तर प्रकार तीन. पहिला इलेक्ट्रिक, लोक डेंदो म्हणतात. आत मोटर, गिअर, पिस्टन, बॅटरी लावा आणि मारा. थंडीत चालते, पावसात भिजली तर जीव वर-खाली होतो पण बहुतेक वाचते. मारुईचा स्टँडर्ड प्रकार साधारण २५-३० हजारांच्या आसपास, आणि जिसेदाई म्हणजे नेक्स्ट जनरेशन साधारण ५०-६० हजारांच्या घरात, हिच्यात आत एक वजन मागे-पुढे होतं त्यामुळे प्रत्येक गोळीला खांद्याला ठक्-ठक् लागतं. मजा येते, खोटं कशाला बोला, पण ती जड आहे, आणि दुपारी तीनच्या गेमला हात भरून येतात तेव्हा त्या ठक्-ठक्चं कौतुक राहत नाही. इनडोअर जास्त खेळणार असाल तर एमपी७ सारखी छोटी कॉम्पॅक्ट इलेक्ट्रिक बघा, अरुंद दारातून वळताना लांब नळी सगळीकडे आपटते.

दुसरा गॅस ब्लोबॅक. पिस्तूल बहुतेक याच प्रकारात घेतात. ट्रिगर ओढला की वरची स्लाइड खाडकन मागे जाते, मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) संपलं की मागेच अडकते, खऱ्यासारखंच सगळं. ज्यांना रिअलिस्टिक ट्रेनिंग हवंय, म्हणजे मॅगझिन बदलणं, ट्रिगर नीट दाबणं, होल्स्टरमधून काढून पहिली गोळी टार्गेटवर लावणं, त्यांनी हीच घ्यावी. ही नुसती हौस नाहीये बरं का. तात्सुया साकाई नावाच्या जपानी नेमबाजाने इथे एअरसॉफ्टवर सराव करून २००४ साली अमेरिकेतली स्टील चॅलेंज ही नेमबाजी स्पर्धा खऱ्या पिस्तुलाने जिंकली होती. अर्थात खऱ्याचा धक्का आणि आवाज यात नाही, त्यामुळे घरी खोक्यावर गोळ्या मारून आपण कमांडो झालो असं समजू नका.

गॅसची गोम एकच, थंडी. जानेवारीत सकाळी नऊ वाजता चिबाच्या मैदानात पिस्तूल काढलं तर स्लाइड कशीबशी अर्धी मागे जाते आणि फुस्स. लोक मॅगझिन जॅकेटच्या आत काखेत धरून बसतात, हात गरम करायची पाकिटं लावतात, तरी चौथ्या-पाचव्या गोळीला परत तेच. उलट ऑगस्टमध्ये दाब वाढतो. म्हणून पहिली आणि एकमेव गन गॅसची नको. दुसरी म्हणून घ्या, साधारण १५-२० हजारांत ग्लॉक येतं, २५ गोळ्यांचं मॅगझिन. गॅस १३४ए किंवा १५२ए वापरा, बाहेरच्या देशातला ग्रीन गॅस जास्त दाबाचा असतो, मारुईची प्लास्टिकची स्लाइड त्याने फुटते. प्लास्टिकची का, तर १९७१ पासून इथे धातूचं मॉडेल पिस्तूल पांढरं नाहीतर पिवळं रंगवावं लागतं आणि नळी बंद असावी लागते. म्हणून बाहेरून मेटल स्लाइड मागवून लावायच्या भानगडीत पडू नका.

तिसरा एअर कॉकिंग, प्रत्येक गोळीला हाताने ओढा. छोटी पिस्तुलं ३-४ हजारांत मिळतात, घरात सराव करायला सुंदर. व्हीएसआर-१० सारखी बोल्ट ॲक्शन रायफल पण यातच. दिसायला भारी, पण ताकद सगळ्यांना सारखीच असल्याने तुमची गोळी इलेक्ट्रिकवाल्यापेक्षा फार लांब जात नाही, आणि समोरचा सेकंदाला दहा-पंधरा मारतो. नवख्याने नका घेऊ.

आता माझी चूक सांगतो. दुसरी गन मी ऑनलाइन सेकंडहँड घेतली, विकणारा म्हणाला की "मस्त ट्यून केलीये", किंमत निम्मी, मी खुश. फील्डवर गेलो, तिथे सकाळी गेमच्या आधी प्रत्येक गन चेक होते. टेबलावर लहानसं यंत्र, माणूस तुमच्या मॅगझिनमध्ये त्यांच्या ०.२ च्या गोळ्या टाकतो, यंत्रातून तीन-चार मारतो, वेगाचा आकडा बघतो, ठीक असेल तर गनला त्या दिवसाची चिकटपट्टी लावतो. माझ्या आधीच्या मुलाचा ९२ आला, पट्टी लागली. माझा १०६. त्याने परत मारून बघितली, परत १०६, आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला सुमिमासेन (माफ करा), ही आज वापरता येणार नाही. मी गुणिले-भागिले केलं, १.१२ ज्यूल. रागावला नाही कुणी, पण ती गन घेऊन ट्रेनने घरी यायचा तास-दीड तास माझा जो काय गेला! दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन स्प्रिंग बदलून, मोजून घेतली. वाचवलेले पैसे तिथेच गेले. म्हणून पहिली गन नवीनच, आणि बॉक्सवर एएसजीके किंवा जेएएसजी या गन बनवणाऱ्यांच्या संघटनांचं स्टिकर बघून. दुकानात वय विचारतील, १८ पूर्ण लागतं, झाइर्यू कार्ड (रेसिडेन्स कार्ड) खिशात ठेवा. मुलांसाठी १० वर्षांवरच्या वेगळ्या गन असतात, ताकद फारच कमी, त्या घेऊन मोठ्यांच्या गेममध्ये उतरू नका.

दुकानात गेल्यावर हातात घेऊन बघा. अकिहाबाराला दुकानं आहेत, हात लावू का विचारलं तर बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. खांद्याला लावा, मास्क घालून निशाणा दिसतोय का बघा, हे कुणी करत नाही आणि मग फील्डवर गाल मास्कमुळे गनला टेकतच नाही. चश्मा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

मास्कवरून आठवलं. बजेट ४० हजार असेल तर ४० ची गन घेऊ नका, २८ ची घ्या आणि उरलेल्यात चांगला फुल फेस मास्क, जास्तीची बॅटरी, दोन मॅगझिन. ही गोळी उघड्या डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो, आणि दाताला लागली तर दाताचा तुकडा पडतो. जाळीचा गॉगल धुकं धरत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण फुटलेल्या गोळीचा कण जाळीतून आत येऊ शकतो, मी लेन्सवालाच वापरतो आणि त्यात छोटा पंखा बसवलाय. कितीही वाफ धरली तरी फील्डच्या आत मास्क काढायचा नाही, सेफ्टी एरियात येऊन पुसायचा.

गोळ्या बाहेरच्या फील्डवर बायोच लागतात, म्हणजे मातीत हळूहळू कुजणाऱ्या. पाकीट फोडलं की दमट हवा धरतात, चिबाच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका, फुगून आत अडकतात. काही इनडोअर जागांचे नियम वेगळे असतात, आधी विचारून घ्या. वजन सुरुवातीला ०.२, नंतर बाहेर खेळायला ०.२५, वाऱ्यात कमी भरकटते.

गोळी सरळ जाण्याचं सगळं गुपित हॉप-अपमध्ये आहे. आत एक रबर गोळीला वरून घासतं, त्याने गोळी उलटी फिरत जाते आणि हवेत तरंगल्यासारखी लांब जाते. आपल्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीची माशी (नेम धरायची नळीवरची खूण) मुद्दाम वाकडी केलेली असायची, आठवतं का, दोन छरे वाया घालवून आपण ओळखायचो की ही डावीकडे मारते, मग त्या हिशोबाने नेम धरायचो. इथे तसं करायचं नाही, चाक फिरवून दुरुस्त करायचं. हॉप शून्यावर आणा, तीस मीटरवरच्या टार्गेटवर एकेक गोळी मारा, खाली पडतेय तर थोडं वाढवा, शेवटी वर उठायला लागली की जरा मागे. गोळीचं वजन बदललं की परत पहिल्यापासून. घरी जाताना हॉप शून्यावर ठेवा आणि बॅटरी काढा. लिपो बॅटरी असेल तर ती चार्ज करून झोपायला जाऊ नका, समोर बसून चार्ज करायची.

ट्रेनने नेताना गन पूर्ण बंद बॅगेत, मॅगझिन वेगळं. कॉनबिनीच्या (चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानाच्या) पार्किंगमध्ये मित्राला दाखवायला चेन उघडली तरी पोलीस येऊ शकतात, आणि समजा आले तर नीट सांगा, फील्डची बुकिंग दाखवा.

गोळी लागली की स्वतः हात वर करून "हित्तो!" ओरडायचं आणि बाहेर जायचं. बघायला कुणी अंपायर नसतो. लागूनही न सांगणाऱ्याला झोंबी म्हणतात, आणि एकदा तो शिक्का बसला की परत त्या फील्डवर तोंड दाखवायला नको वाटतं. आपल्या लोकांना अजून एक, जेवण बहुतेक ठिकाणी करी-राइस आणि त्यात मांस असतं, शाकाहारी असाल तर डबा न्या. माझ्या चपात्या-बटाट्याच्या भाजीवर अर्धी लाल टीम तुटून पडली होती.

आणि भारतात न्यायचा विचार डोक्यातून काढा. आपल्याकडे आर्म्स रूल्स २०१६ मध्ये फायरआर्म रेप्लिका हा प्रकारच वेगळा धरलाय, कस्टमवाल्याला "खेळणं आहे हो" सांगून भागणार नाही. परत जायची वेळ आली की इथल्याच दुकानात विका, जुनी गन विकत घेणारी दुकानं आहेत. फक्त त्यासाठी मूळ बॉक्स, मॅन्युअल आणि आतला तो नळी साफ करायचा दांडा सगळं सांभाळून ठेवा, मी पहिल्या गनचा बॉक्स कचऱ्यात टाकला आणि त्यापायी दुकानदाराने किमतीतून बरेच कापले.