फोटोअकूस्टिक इमेजिंग: आधी पेन्सिलचं शिसं दिसू द्या

लेझरचा झटका शोषला की ऊती किंचित तापते, फुगते आणि अल्ट्रासाउंड सोडते. तो ध्वनी टिपून चित्र काढायचं, हेच फोटोअकूस्टिक इमेजिंग. तापमान अंशाच्या हजाराव्या भागाने वाढलं तरी सुमारे 800 पास्कल दाब तयार होतो. रक्तवाहिन्यांकडे वळण्याआधी बेळगाव-निपाणीकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एवढी चाचणी जमवा.

100 मिली पाण्यात 2 ग्रॅम अगार (जेलीसारखं घट्ट करणारी पावडर) पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. जरा निवल्यावर 5 मिली दूध घाला. त्याने प्रकाश ऊतीतल्यासारखा विखुरतो. साच्यात ओतताना पेन्सिलच्या 0.5 मिमी जाडीच्या शिशाचा 5 मिमी तुकडा वरून 5 मिमी खाली आणि पुढच्या बाजूपासून 10 मिमी आत आडवा बसवा. बुडबुड्यापाशी ध्वनी अडतो, म्हणून हा ठोकळा ज्यात ठेवायचा त्या टाकीतलं पाणीही उकळून निववलेलंच हवं.

532 नॅनोमीटरचा, 5 ते 10 नॅनोसेकंदांचा झोत वरून सोडा. 5 मेगाहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी टिपणारा सेन्सर) पुढच्या बाजूला, ठोकळ्यापासून 20 मिमीवर ठेवा. या तरंगलांबीला त्वचेसाठी सुरक्षिततेची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला 20 मिलिज्यूल आहे. 1 सेमी व्यासाच्या झोतात 10 मिलिज्यूल पुरतात. खोलीतल्या प्रत्येकाला 532 चाच गॉगल, त्यात सूट नाही.

खरी कसोटी वेळेची. शून्य क्षण, म्हणजे झटका सुटल्याची वेळ, फोटोडायोडवरून (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवरून) घ्या. लेझरमधल्या फ्लॅशलॅम्पच्या सिग्नलवरून घेतला तर तो मागेपुढे होतो आणि सरासरी काढताना चित्र पुसट होतं. ध्वनी मायक्रोसेकंदाला साधारण 1.5 मिमी जातो, म्हणजे शिसं 20 मायक्रोसेकंदांवर दिसायला हवं. सोनोग्राफीचं सॉफ्टवेअर जाऊन-येऊन असं अंतर धरून निम्मं करतं. इथे ध्वनीचा प्रवास एकेरी, तेव्हा ती भागाकाराची ओळ काढून टाका. 40 च्या आसपास आणखी एक ठसा आला तर प्रकाश ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर पडतोय: तिथून निघालेला ध्वनी शिशावर आपटून परत येतो. मध्ये आडोसा लावा.

पाण्याचं तापमान दरवेळी नोंदवा. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी पाणी 20 अंशांवर असेल तर वेग सेकंदाला 1482 मीटर, एप्रिलच्या दुपारी 30 अंशांवर 1509. तेवढ्याने 30 मिमीत अर्धा मिमी चूक होते, म्हणजे शिशाची अख्खी जाडी!

आता ट्रान्सड्यूसर 0.5 मिमीच्या टप्प्यांनी 20 मिमी सरकवा, प्रत्येक जागी 64 झटक्यांची सरासरी घ्या. गोंगाट आठपट घटतो. 10 हर्ट्झच्या लेझरवर सगळं साडेचार मिनिटांत होतं. पावसाळ्यात मध्येच हेस्कॉमची लाइट गेली तर अर्धवट स्कॅन पुढे जोडू नका. लेझर अर्धा तास तापवून, ऊर्जा पुन्हा मोजून पहिल्या टप्प्यापासून सुरू करा.