आभाळ भरलंय? मग लघुग्रह शोधा

आमच्या पाटणकडे जून ते सप्टेंबर तारा औषधालाही दिसत नाही. म्हणून शाळेत खगोलाचं काही करायचं तर दुर्बिणीसाठी वर्गणी काढू नका. संगणक कक्षात विंडोजचा एखादा जुना संगणक चालू आहे का, तेवढं बघा.

'इंटरनॅशनल ॲस्टेरॉइड सर्च कोलॅबोरेशन' ही संस्था लघुग्रह शोधायच्या मोहिमा घेते, त्या मोफत असतात. शिक्षकाने गटाची नोंदणी करायची. हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने टिपलेली चित्रं मिळतात: आकाशाचा तुकडा एकच, चित्रं चार, मध्ये काही मिनिटांचं अंतर. शाळेतल्या नेटचा भरवसा नको, घरूनच पेनड्राइव्हवर उतरवून न्या. 'ॲस्ट्रोमेट्रिका' या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एकामागून एक फिरवली की तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो.

सुरुवातीला दर मिनिटाला "बाई, पळालं बघा!" होतं. होऊ द्या, पण लगेच नोंद करू नका. ठिपका चारही चित्रांत आहे का? सरळ रेषेत, एकाच वेगाने जातोय का? तेज साधारण तेवढंच राहतंय का? एकाच चित्रात चमकून गायब झाला तर तो बहुधा कॅमेऱ्याचा दोष. चारही चित्रांत टिकला तर आधीच माहीत असलेल्या लघुग्रहांशी ताडून बघा. निम्मा उत्साह तिथेच उतरतो. माझ्या वर्गात एक पोरगं माउस धरतं, दुसरं वहीत लिहितं आणि तिसऱ्याचं काम फक्त शंका काढायचं. हे तिसरं पोरगं नीट निवडा.

प्राथमिक शोध, म्हणजे नवा लघुग्रह असावा अशी पहिली नोंद, मिळाला म्हणून पेपरात बातमी देऊ नका. कक्षा पक्की होऊन क्रमांक मिळायला वर्षं जातात, नावाची गोष्ट त्यानंतरची.

नववीतल्यांसाठी इस्रोचा 'युविका' हा अंतराळ विज्ञानाचा कार्यक्रम आहे, २०१९पासून. निवडीत आठवीचे गुण तर धरतातच, पण विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, स्काउट-एनसीसी हेही धरतात आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेला वेगळे गुण असतात. त्यामुळे फाइल आठवीतच करा. अर्जाच्या आदल्या रात्री प्रमाणपत्र शोधणारे पालक दरवर्षी भेटतात.

दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दाखवा. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे अंधार पडला तरी त्यावर ऊन असतं, म्हणून ते चमकतं. वेळा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन'वर मिळतात. आपल्याकडे चारी बाजूंना डोंगर, तेव्हा क्षितिजापासून ४० अंशांच्या वर चढणारी फेरीच निवडा.