होळीआधी धुऱ्याच्या आतला पट्टा वखरा

गहू पिवळा पडला, सागाची पानं गळाली. वनखात्याच्या हिशेबानं वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या संत्राबागा आणि रामटेक-पारशिवनीकडची जंगलालगतची वावरं यांनी आता एक दिवसही घालवू नये. बाग कशानं जळाली विचारलं की ‘शेजाऱ्यानं धुरा (बांध) पेटवला’ हेच उत्तर मिळतं. धुरा दरवर्षी कोणीतरी पेटवतोच. जळालेल्या बागेत जाऊन पाहा, धुऱ्याच्या आत आग अडवणारा पट्टा वखरलेला नसतो.

हिमालयात चीडच्या (पाइनच्या) राळभरल्या सुया पेटतात, सह्याद्रीत गवताळ उतारावर आग वर धावते. आपलं जंगल पानझडी. इथली आग पाचोळ्यातून, जमिनीवरून सरकते. मोठा साग तगतो, रोपटी मरतात. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूला फुटवे यावेत म्हणून दरसाल जाळलेल्या जंगलात नवं झाड उभं राहत नाही. तिथला चारा संपला की रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर वावरात जास्त उतरतात, असा आमचा अंदाज. पण जमिनीवरून सरकणारी आग उघड्या मातीवर अडते. रायमुनियाच्या (घाणेरीच्या) जाळीत मात्र ती वर चढते, म्हणून धुऱ्यावरची रायमुनिया आधी तोडा.

पट्टा किमान 10 फूट हवा. पश्चिमेला आणि जंगलाच्या बाजूला 20 फूट, कारण उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येचा. आडवं-उभं दोनदा वखरा आणि सुटलेलं गवत दाताळ्यानं ओढून पट्ट्याबाहेर काढा. हे ओढणंच राहून जातं. वखरानं कापलेलं गवत तिथंच पडलं तर तो पट्टा नाही, जळण आहे. रोटाव्हेटर फिरवून काडी मातीत अर्धवट मिसळली तरी आग धुमसत पलीकडे निघते. ठिबकच्या नळ्यांची टोकं पट्ट्यातून मागे घ्या, नळी वितळत आत आली की ओळच जाते. सागाचा पाचोळा वाऱ्यानं परत साचतो, दर आठ दिवसांनी पट्टा झाडा.

बाकीची कामं:
- पऱ्हाट्या, तुराट्या, कुटाराच्या गंज्या गोठ्यापासून दूर
- संत्र्याच्या आंबिया बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं) पाणी नियमित, आळ्यात आच्छादन. पट्ट्यात आच्छादन नको
- हार्वेस्टरच्या सायलेन्सरवरचा भुसा दर फेरीनंतर साफ
- बांधावर पाण्यानं भरलेला ड्रम आणि फवारणी पंप

धसकट जाळू नका. एक टन तणस (भाताचा पेंढा) जाळली की साधारण 5.5 किलो नत्र, 2.3 किलो स्फुरद आणि 25 किलो पालाश हातचं जातं. नत्र तर जवळपास सगळं धुरात. कुजवायला महागडी बाटली घेण्याची गरज नाही. उसाच्या पाचटाला टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धक अशी शिफारस आहे. आमच्या मते गव्हाच्या काडीलाही ती चालते, फक्त ढीग ओला राहिला पाहिजे.

बाग होरपळलीच तर दुकानदार ‘रिकव्हरी टॉनिक’ पुढे करेल. घेऊ नका. नखानं साल खरवडून पाहा. आत हिरवी असेल तर फांदी जिवंत आहे. मृगाची नवती (नवी पालवी) फुटेपर्यंत छाटणी करू नका, मेलेलं कुठवर ते तेव्हाच कळतं. खोडाला बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. पाणी थोडं थोडं, युरिया मुळीच नको.

शेजारचा धुरा जळून गेला म्हणून पट्ट्याचं काम संपत नाही. बाभळीचं वाळकं खोड आणि उकिरडा रात्रभर आतून धुमसतात अन् दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा पेट घेतात. तळहात उलटा करून राखेजवळ धरा. ऊब लागली तर पाणी ओता, उकरा, पुन्हा ओता. जंगलात धूर दिसला तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा.